पंधरा वर्षे आणि शेवटची पंधरा मिनिटे

प्रश्न : आमचा कुत्रा खंड्या गेल्या महिन्यात गेला. तो १५ वर्षांचा होता. दीड महिन्याचा असताना मी त्याला घरी आणले, आणि तेव्हापासून मुलीचे लग्न, वडिलांचे जाणे, माझी निवृत्ती, सगळे त्याच्या समोर घडले. शेवटच्या वर्षात त्याची मूत्रपिंडे निकामी होत गेली, मागच्या पायांतले बळ गेले आणि रात्री तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नुसता उभा राहू लागला. त्याने खाणे पूर्ण सोडले तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला शांतपणे मरण देणारे इंजेक्शन देण्याचा निर्णय घेतला. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. डॉक्टरांनी ‘गेला’ असे सांगितल्यानंतरही त्याचे डोळे उघडेच होते आणि त्याने एक मोठा श्वास घेतला. तो श्वास माझ्या मनातून जात नाही. आपण घाई केली का, त्याला वेदना झाल्या का, आजार आधी कसा लक्षात आला नाही, हे प्रश्न पाठ सोडत नाहीत. लोक म्हणतात, ‘कुत्राच तर होता, दुसरा आणा.’ वडील गेले तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो, याची मला लाज वाटते. – एक वाचक, वय ६६

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत जड गोष्ट त्या शेवटच्या श्वासाची आहे, असे मला वाटते, म्हणून पशुवैद्यक या नात्याने आधी त्याविषयीच लिहितो. अशा वेळी प्राण्याला बहुधा आधी गुंगीचे औषध देतात आणि मग भूल देण्याच्या औषधांच्या कुळातील एक औषध फार मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. या औषधाने सर्वांत आधी मेंदूचे भान हरपते, त्यानंतर श्वास थांबतो आणि मग हृदय थांबते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण श्वास आणि हृदय थांबण्याच्या आधीच प्राणी गाढ भुलीत गेलेला असतो. त्यानंतर काही वेळा छातीचे स्नायू एकदोनदा आकुंचन पावतात आणि खोल श्वास घेतल्यासारखे दिसते, कधी पाय किंवा ओठ थरथरतात. या क्रियांमागे जाणीव नसते. डोळे मिटण्यासाठी पापण्यांच्या स्नायूंना काम करावे लागते, ते स्नायू सैल पडल्यामुळे डोळे उघडे राहतात. तुम्ही जे पाहिले ते त्याच्या शरीराचे होते. त्या क्षणी खंड्याला काही सोसावे लागत नव्हते. हे इंजेक्शनच्या आधीच तुम्हाला नीट समजावून सांगितले गेले असते, तर तुमचा महिनाभराचा हा छळ टळला असता. प्रत्येक पशुवैद्यकाने ही माहिती आवर्जून आधी द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आता आजार आधी का ओळखता आला नाही, याविषयी. मूत्रपिंडांजवळ राखीव क्षमता पुष्कळ असते. तिच्यातील सुमारे दोनतृतीयांश भाग संपेपर्यंत कुत्रा वरकरणी ठणठणीत दिसू शकतो. त्यानंतर तो जास्त पाणी पिऊ लागतो आणि पातळ लघवी वारंवार होऊ लागते. मूत्रपिंडे एरवी गाळून बाहेर टाकतात तो क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ रक्तात वाढलेला दिसतो तेव्हा तर बहुधा तीनचतुर्थांश क्षमता गेलेली असते. म्हणजे पाण्याचे भांडे नेहमीपेक्षा लवकर रिकामे होत आहे, हे ज्या दिवशी तुमच्या ध्यानात आले, त्याच्या कितीतरी आधी आजार मुरलेला होता आणि तुमच्या नजरेला दिसावे असे काहीही तो दाखवत नव्हता. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहणे हेही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूच्या ऱ्हासाचे ओळखीचे लक्षण आहे. मोकळ्या जागेकडे कसे वळायचे तेच त्याला त्या वेळी सुचत नसते. तुम्ही रात्री उठून त्याला हळूच वळवून त्याच्या जागेवर नेत असणार. पत्रात तुम्ही तसे लिहिलेले नाही, पण तो किती वेळ उभा राहतो हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस जागा होता एवढे नक्की.

घाई झाली का, या प्रश्नाचे उत्तर मी गुळमुळीत देणार नाही. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, ज्याच्या मागच्या पायांतले बळ गेले आहे आणि ज्याने खाणे पूर्ण सोडले आहे, अशा १५ वर्षांच्या कुत्र्यापुढे बरे होण्याची वाट उरलेली नव्हती. पुढे होते ते मळमळ, तोंडातले व्रण, अशक्तपणा आणि कदाचित झटके. निर्णय आठवडाभर पुढे ढकलला असता, तर तो आठवडा खंड्याने याच त्रासात काढला असता. अशा निर्णयासाठी अगदी अचूक असा एकच दिवस नसतो. थोडे दिवस असतात, आणि त्यांपैकी कोणताही निवडला तरी माणसाचे मन म्हणते की हा चुकला. शंका येते ती त्याच्यावरच्या जिव्हाळ्यामुळे. निर्णय चुकल्याचा तो पुरावा नव्हे.

‘कुत्राच तर होता’ असे म्हणणाऱ्यांना बहुधा तुमचे वाईट चिंतायचे नसते. काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. तरीही हे वाक्य दुखावते, आणि त्याचे कारण शोकाचा अभ्यास करणारे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात नीट मांडले आहे. ज्या दुःखाला भोवतालचा समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते दुःख उघडपणे व्यक्त करता येत नाही आणि म्हणून अधिक काळ आत साचून राहते, अशी त्यांची मांडणी आहे. वडील गेले तेव्हा माणसे भेटायला आली असतील, त्यांच्या आठवणी निघाल्या असतील, कामावरून रजा मिळाली असेल. खंड्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे वागावे, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यात वडिलांशी असलेल्या नात्याला इतर पुष्कळ पदर असतात, जुने मतभेद, जबाबदाऱ्या, न बोललेल्या गोष्टी, आणि ते दुःख अनेकदा सावकाश, वेगवेगळ्या रूपांत बाहेर येते. कुत्र्याचे नाते दिवसाच्या प्रत्येक तासात विणलेले असते: सकाळचे दार उघडणे, फरशीवर नखांचा टकटक आवाज, संध्याकाळी पट्टा हातात घेताच सुरू होणारी धावपळ. तो जातो तेव्हा दिवसाचे सगळे तास एकदम रिकामे होतात. अश्रूंवरून प्रेमाचे माप काढता येत नाही. वडिलांवर तुमचे प्रेम कमी होते, असा निष्कर्ष यातून कृपया काढू नका. वडिलांच्या वेळी न रडलेले काही अश्रूही आता वाहत असतील, तसेही होते.

आणि हे आजकालचे खूळ नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा यांचे अवशेष होते, आणि ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला बहुधा डिस्टेंपर हा गंभीर आजार झाला होता. अशा आजारात कोणी स्वच्छता राखली नाही, पाणी पाजले नाही, ऊब दिली नाही, तर पिल्लू फार दिवस तग धरत नाही. हे पिल्लू मात्र काही आठवडे जगले. शिकारीला किंवा राखणीला त्याचा तेव्हा काहीच उपयोग नव्हता. तरीही कोणीतरी त्याच्यापाशी बसले होते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, आणि तुमचे पत्र वाचताना तो आठवल्यावाचून राहिला नाही.

आता खरी विनंती. शेवटची पंधरा मिनिटे तुमच्या मनात पंधरा वर्षांची सगळी जागा व्यापून बसली आहेत. ती जागा खंड्याला परत द्या. यासाठी त्याचे आयुष्य लिहून काढा. सुरुवात कोठून करावी हे सुचत नसेल, तर त्याची लसीकरणाची पुस्तिका बाहेर काढा. तिच्यात प्रत्येक भेटीची तारीख आणि बहुतेक वेळा वजनही असते: पहिल्या पानावर ओंजळीत मावणारे पिल्लू, मग भराभर वाढणारे आकडे, मग अनेक वर्षे जवळजवळ स्थिर असलेले वजन आणि अखेरीस उतरती रांग. त्या मधल्या स्थिर वर्षांची पाने लोक चटकन उलटतात, पण त्याचे खरे आयुष्य तिथेच घडले. त्या वर्षांत तो कोणाला घाबरायचा, कोणाच्या पायांपाशी झोपायचा, काय चोरायचा, कोणत्या आवाजाला कान टवकारायचा, हे लिहा. घरातल्या इतरांना आणि शेजाऱ्यांनाही विचारा, कारण प्रत्येकाला माहीत असलेला खंड्या थोडा वेगळा निघेल आणि तुम्हाला ठाऊक नसलेल्या दोनचार गोष्टी हाती लागतील. लिहिताना शेवटचे वर्ष आलेच पाहिजे, ते वगळू नका. मात्र त्याला त्याच्या वाट्याचीच पाने द्या.

त्याचा पट्टा, भांडी, अंथरूण यांचे काय करायचे ते आज ठरवण्याची गरज नाही. कोणी घाईने आवरून टाकायला निघाले तर त्यांना थांबवा, आणि समोर पाहवत नसेल तर एका खोक्यात घालून ठेवा. उरलेली औषधे मात्र ठेवू नका आणि दुसऱ्या कोणाच्या कुत्र्यालाही देऊ नका. फिरण्याची वेळ झाली की सर्वांत जास्त कालवाकालव होत असेल, तरी फिरणे सोडू नका. काही दिवस रस्ता बदललात तरी चालेल. दुसरा कुत्रा आणण्याविषयी एवढेच सांगेन की तो खंड्याची जागा भरण्यासाठी आणू नये, त्या नव्या जिवावर तो अन्याय होतो. त्याला त्याच्या स्वभावासकट सांभाळण्याची इच्छा तुमच्या मनात आपणहून येईल तेव्हा आणा, आणि ती कधीच आली नाही तरी त्यात काही वावगे नाही.

दुःख एका सरळ रेषेत कमी होत नाही. दोन दिवस बरे गेल्यावर तिसऱ्या दिवशी सोफ्याखाली एक केस सापडतो आणि पुन्हा भरून येते. ते स्वाभाविक आहे. परंतु अनेक आठवडे झोप आणि जेवण सावरले नाही, कशातच मन लागेनासे झाले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर विनासंकोच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कारण सांगताना ‘कुत्रा गेला’ असे सांगायला मुळीच लाजू नका.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला कुत्रा गेल्याचे कसे सांगावे? तो दूरच्या शेतावर राहायला गेला, असे सांगावे असे घरच्यांचे म्हणणे आहे. – एक वाचक

उत्तर : तसे सांगू नका. मूल त्याची वाट पाहत राहील, आणि पुढे खरे कळले की तुमच्या शब्दावरचा त्याचा विश्वास डळमळेल. ‘त्याला झोपवले’ हेही टाळा. त्यामुळे काही मुलांना झोपेचीच भीती वाटू लागते. मेलेला जीव परत येत नाही, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते, म्हणून तुमचा मुलगा साधे आणि खरे वाक्य पेलू शकेल: ‘तो खूप आजारी होता, औषधांनी बरा झाला नाही, तो मेला, आता तो परत येणार नाही.’ आपण रागावलो म्हणून असे झाले का, हा प्रश्न मुले मनात दाबून ठेवतात. त्याने विचारले नाही तरी त्याचे उत्तर तुम्ही द्या. तुम्हाला रडू आले तर त्याच्यासमोर रडा.

प्रश्न : आमच्या दोन कुत्र्यांपैकी थोरला गेला. धाकटा दारापाशी बसून राहतो, खेळत नाही, कमी खातो. त्याला समजत असेल का? – एक वाचक

उत्तर : मृत्यू म्हणजे काय हे त्याला किती उमगते, ते कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, पण सोबती नसल्याचे त्याला नक्कीच जाणवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात, दोन कुत्र्यांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेला कमी खेळतो, जास्त झोपतो, कमी खातो आणि माणसांच्या जवळ राहू पाहतो, असे बहुसंख्य मालकांनी नोंदवले. दोघांचे नाते जितके जवळचे होते, तितके हे बदल अधिक होते. मालकाच्या दुःखाचाही त्यांच्याशी संबंध दिसला. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा आहेत तशाच ठेवा, थोरल्याचे अंथरूण लगेच धुऊ नका, त्याला हुंगायचे असेल तर हुंगू द्या. त्याच्याजवळ बसा, अंगावरून हात फिरवा. त्याने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, उलट्या झाल्या किंवा पाणीही सोडले, तर ते दुःखच आहे असे गृहीत न धरता त्याला तपासून घ्या. दोन्ही कुत्रे एकाच घरात राहत होते, तेव्हा थोरल्याचा आजार संसर्गजन्य होता का, हेही त्याच वेळी डॉक्टरांना विचारा.