सर्टिफिकेट नाही, सीआरएल (बाद सर्टिफिकेटांची यादी) संपलीय – आधी सर्व्हरचा लॉग उघडा

भाऊ, बाकीचं नंतर वाचा, पहिले तुमची ती व्हीपीएन बंद पडल्याची पोस्ट एडिट करा. तुम्ही क्लायंटची (म्हणजे ऑफिसातल्या पीसीची) आख्खी कॉन्फिग फाईल चिकटवलीय आणि तिच्यात खाली प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) जशीच्या तशी दिसून राहिली. आता काढली तरी ज्याने उचलायची त्याने उचलली असेल असंच धरा, म्हणजे त्या कीचं सर्टिफिकेट (त्या पीसीचं ओळखपत्र) आता बाद करावंच लागेल, त्यावर खाली येतोच.

तुमचं म्हणणं मला असं समजलं: जळगावला सर्व्हर, रावेरच्या केळीच्या ऑफिसात सहा पीसी, ओपनव्हीपीएनवर (इंटरनेटवरून सर्व्हरला जोडणारा सुरक्षित बोगदा) अकाउंटिंग चालतं, आखाजीची सुट्टी संपवून आलात, सकाळी तीन पीसी लागलेले होते ते तासाभरात एकेक करून पडले आणि तेव्हापासून कोणीच लागत नाही. क्लायंटवर 'टीएलएस की नेगोशिएशन ६० सेकंदात झालं नाही, नेटवर्क तपासा' असा मेसेज. दोनदा नवीन सर्टिफिकेट काढून पाहिलं, काही फरक नाही. वर एकाने सांगितलंय की कॉन्फिगमधली सीआरएल-व्हेरिफायची (ती यादी तपासायला सांगणारी) ओळ उडवा, काम होईल.

आता हा साठ सेकंदांचा मेसेज म्हणजे घरच्यांनी 'तो घरी नाही' सांगण्यासारखा आहे, खरं कारण त्यात नसतंच. क्लायंटला फक्त एवढं कळतं की समोरून उत्तर आलं नाही. त्यात नेटवर्क तपासा असं लिहिलेलं असल्यामुळे सगळे राउटर बंद-चालू करत बसतात, वायरवाल्याला फोन लावतात. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. तिथे तुमच्या आयपीवरून काहीच आलेलं दिसत नसेल तर मग नेटवर्क, फायरवॉल, यूडीपी ११९४ (ओपनव्हीपीएनचा नेहमीचा पोर्ट) वगैरे बघायचं, आणि आयपी दिसतोय व त्याखाली 'व्हेरिफाय एरर' आहे तर नेटवर्कला हातसुद्धा लावू नका, पॅकेट पोचलंय, भांडण आत चाललंय.

तुमच्या केसमध्ये मी लॉग न बघता पैज लावायला तयार आहे की तिथे 'सीआरएल हॅज एक्सपायर्ड' लिहिलेलं असेल. तुम्हीच ओघात लिहिलंय की दिवाळीच्या वेळी एक मुलगा काम सोडून गेला आणि त्याचं सर्टिफिकेट तुम्ही रिव्होक (बाद) केलं. रिव्होक केल्यावर जी बाद सर्टिफिकेटांची यादी बनते ती सीआरएल, आणि त्या यादीलाही स्वतःची मुदत असते. ईझी-आरएसए (सर्टिफिकेटं बनवायचं टूल) मध्ये काही बदललं नसेल तर १८० दिवस. दिवाळी ते आखाजी मोजून बघा. 😀

लोकांना वाटतं यादी संपली म्हणजे फक्त त्या एका मुलाचा प्रश्न. तसं नाही ना भो, सर्व्हर प्रत्येक क्लायंटचं सर्टिफिकेट त्याच यादीशी ताडून बघतो, यादीच शिळी झाली तर तो कोणावरच विश्वास ठेवत नाही, सगळ्यांना दारातच उभं करतो. म्हणून तुमची नवीन सर्टिफिकेटं पण चालली नाहीत, तीही त्याच यादीपुढे जाऊन अडकली. आणि सकाळचे तीन पीसी तासाभरात का पडले तर ओपनव्हीपीएन दर ३६०० सेकंदांनी नव्याने हँडशेक (ओळख-तपासणी) करतं, ज्याने जेव्हा कनेक्ट केलं होतं त्या हिशोबाने एकेकाचा नंबर लागला. जुन्या व्हर्जनला हा त्रास नव्हता, २.४ पासून यादी तपासायचं काम ओपनएसएसएल लायब्ररीकडे गेलं आणि ते मुदतीच्या बाबतीत कडक आहे.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ज्या मशीनवर तुमचं सीए (सर्टिफिकेटांवर सही करणारं खातं) आहे तिथे ईझी-आरएसएच्या फोल्डरमध्ये जा, पहिले ती इथे चिकटवलेली की ज्या सर्टिफिकेटची आहे ते रिव्होक करा, ती दोन जास्तीची काढलेली सर्टिफिकेटंही वापरणार नसाल तर करा, आणि मग जेन-सीआरएल (यादी नव्याने बनवायची कमांड) चालवा. क्रम महत्त्वाचा आहे, नुसतं रिव्होक करून यादी नव्याने बनवली नाही तर सर्व्हरला त्यातलं काहीच कळत नाही, हे निम्मे लोक विसरतात. नवीन फाईल जुन्याच्या जागी कॉपी करा, आणि परमिशन बघा!! सर्व्हर चालू झाल्यावर बहुतेक सेटअपमध्ये 'नोबडी' (कमी अधिकारांचा) युजर होऊन जातो, रूटच्या मालकीची ६०० परमिशनची (फक्त मालकालाच वाचता येणारी) फाईल त्याला वाचता येत नाही आणि परत तेच रडगाणं. ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी) ठेवा, यादीत गुपित काही नसतं. फाईल बदलली की पुढच्या कनेक्शनला सर्व्हर आपोआप नवीन वाचतो, रीस्टार्ट लागत नाही.

ओळ उडवायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. चालेल, लगेच चालेल, पण दिवाळीत गेलेला तो मुलगा आता कोणत्या व्यापाऱ्याकडे बसतो ते तुम्हाला माहीत असेल, त्याच्या लॅपटॉपमधली जुनी फाईल त्याच क्षणी परत चालू होईल आणि तुमचे केळीचे भाव, येणी, सगळं त्याला उघडं. आज 'तात्पुरतं' काढलेली ओळ परत कोणी टाकत नाही, मी तरी पाहिलेलं नाही.

यादीची मुदत वाढवायची तर ईझी-आरएसएच्या वार्स (सेटिंगच्या) फाईलमध्ये सीआरएल-डेज ३६५ करा. दहा वर्षं टाकू नका. क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) आपोआप करायला गेलात तर सीएच्या कीला पासवर्ड असेल (असावाच) तर ते तिथे पासवर्डची वाट बघत अडकेल, त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करा, आपल्याकडे तेच जास्त चालतं.

आता समजा यादी ठीक निघाली, आणि एकच पीसी नाटक करतोय, तर पहिले त्याचं घड्याळ. लाईट जाऊन-येऊन आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुन्या मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल मरतो, पीसी उठतो तेव्हा त्याच्यासाठी दहा-बारा वर्षं आधीचं साल असतं आणि तो म्हणतो सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाही. विंडोज आपोआप वेळ दुरुस्त करेल या भरवशावर राहू नका, डोमेनमध्ये नसलेल्या पीसीवर फरक १५ तासांपेक्षा जास्त असला तर ती सर्व्हिस हात लावत नाही. सेल बदला, वेळ हाताने लावा.

घड्याळाचाच एक किस्सा, माझीच चूक. चाळीसगावला एका जिनिंगवाल्याचा सर्व्हर लावला होता, मशीन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) होतं, मी भिंतीवरचं घड्याळ बघून तीच वेळ हाताने टाकली, टाइमझोन तसाच. सकाळी दहाला सर्टिफिकेट काढलं, बाकी कुठल्याच मशीनवर चालेना, 'नॉट येट व्हॅलिड'. चार वेळा काढलं. जेवून आलो, साडेतीन वाजता पहिलंच आपोआप चालू झालं आणि मालक म्हणे जेवल्यावर डोकं चालतं बघा तुमचं. सर्टिफिकेटमधली वेळ यूटीसीत असते, माझी साडेपाच तास पुढे होती, इतकंच.

ओपनव्हीपीएन क्लायंट २.६ ला अपडेट केल्यावर बंद पडलं असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे जुन्या एमडी५ सहीचं सीए किंवा ब्लोफिश सायफर (जुनी एन्क्रिप्शन पद्धत) नडतं. तुमचं ते नाही, सगळे एकदम पडलेत.

लॉगमधली व्हेरिफाय एररची ती एक ओळ इथे टाका, आयपी खोडून. फक्त ओळ हां, परत आख्खी फाईल नको.