रोबोट चालवतो की आपण चालतो?

प्रश्न : ताई, माझ्या बायकोला बरीच वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) आहे, आता सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा टप्पा म्हणतात. घरात वॉकर धरून डावा पाय ओढत कशीबशी चालते, बाहेर व्हीलचेअरच. रिपोर्टवर ईडीएसएस (एमएसने आलेलं अपंगत्व ० ते १० मध्ये मोजणारा स्कोअर) ६.५ लिहिलंय. रिहॅब सेंटरवाले म्हणाले रोबोटिक गेट ट्रेनिंग, म्हणजे मशीनच्या मदतीने चालण्याचा सराव घ्या, आणि तिने त्याचे व्हिडिओ बघितल्यापासून डोक्यात तेच घेतलंय. मला मात्र वाटतं की पाय मशीनच हलवणार असेल तर हिचा व्यायाम काय होणार? करावं का?

उत्तर : दादा, तुमची शंका अगदी रास्त आहे, खरं तर सेंटरवाल्यांनी आपणहून हे सांगायला हवं होतं. करायला हरकत नाही, पण कशासाठी करतोय ते आधी नक्की करा.

लोकोमॅटसारख्या मशीनमध्ये वहिनींना हार्नेसने वरून धरून ट्रेडमिलवर उभं करतील, मांडीला नि पोटरीला पट्टे बांधतील आणि मोटर त्यांचे खुबे आणि गुडघे ठरलेल्या लयीत हलवेल. दुसरा प्रकार एक्सोस्केलेटनचा, म्हणजे मोटर लावलेला सांगाडा, तो अंगावर चढवून जमिनीवरच चालायचं, त्यातल्या एक्सोएनआरला २०२२ मध्ये औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने एमएसच्या रिहॅबसाठी मंजुरी दिली. त्या मंजुरीचा अर्थ एवढाच की थेरपिस्टच्या देखरेखीखाली एमएसच्या पेशंटवर वापरता येईल, बाकी उपायांपेक्षा भारी ठरलं असं कोणी म्हटलेलं नाही. जाहिरातीत हा फरक बरोबर गाळतात!

आता पुराव्याचं. २०२० मध्ये इटलीतली एक ट्रायल छापून आली, त्यात वहिनींसारखेच म्हणजे ईडीएसएस ६ ते ७ मधले ७२ पेशंट होते, अर्ध्यांना रोबोट आणि अर्ध्यांना थेरपिस्टबरोबर जमिनीवर चालण्याची कसून प्रॅक्टिस, चार आठवड्यांत १२ सेशन. सुधारणा दोन्हीकडे दिसली, पण रोबोटवाले काही पुढे गेले नाहीत. म्हणजे फायदा होतो तो भरपूर पावलं टाकण्याचा, मशीनचा नाही. पण ६.५ म्हणजे दोन्हीकडून आधार घेऊनही न थांबता जेमतेम २० मीटर, मग भरपूर पावलं टाकायची कुठून? तिथे मशीन कामाला येतं, वजन पेलतं, पडायची भीती जाते आणि थेरपिस्टची कंबरही वाचते, कारण नाहीतर दोघांनी दोन बाजूंना बसून हाताने पाय उचलून टाकावे लागतात आणि पेशंटच्या आधी तेच दमतात.

आणि तुमच्या शंकेचं उत्तर असं की हो, पाय सैल सोडून दिले तर मशीन खुशाल ओढत नेतं आणि पेशंट समोर बघत राहतो. मागच्या सीटवर बसून गाडी शिकता येत नाही तसंच हे. म्हणून थेरपिस्टला दोनच गोष्टी विचारत राहा, गायडन्स फोर्स (पाय हलवायला मशीन लावतं तो जोर) किती ठेवलाय आणि हार्नेसने अंगाचं वजन किती उचललंय. सुरुवातीला दोन्ही जास्त असणार, पण पुढच्या सेशन्सना दोन्ही हळूहळू उतरायला हवेत. आठवडे गेले आणि आकडे जागच्या जागी असतील तर ती नुसती सैर आहे, स्पष्ट बोला.

पहिल्या दिवशी मापं घेण्यात आणि पट्टे बांधण्यातच बराच वेळ जाईल, चिडू नका. लघवी आधी करून घ्यायची, एमएसमध्ये ऐनवेळी घाई होते आणि पट्टे पटकन सुटत नाहीत. नंतर पोटरीवर पट्ट्याखाली लाली किंवा फोड आलाय का ते तुम्ही स्वतः बघा, वहिनींना तिथलं सेन्सेशन कमी असेल तर त्यांना कळणारच नाही. मध्येच पाय आखडला तर मशीन थांबतं, तो बिघाड नाही, सेफ्टी आहे. व्हीलचेअरवर फार वेळ जात असेल किंवा स्टेरॉइडचे बरेच कोर्स झाले असतील तर सुरू करण्याआधी हाडांची डेन्सिटी तपासून घ्या, हाडं फार ठिसूळ असतील किंवा सांधे आखडून बसले असतील तर हे करू नये.

उन्हाने, गरम पाण्याने वहिनींना त्रास होतो का? अंग तापलं की एमएसमध्ये पाय शिशासारखे होतात, डोळ्यांना अंधुक दिसतं. थंड झालं की उतरतं, नुकसान काही होत नाही, पण सेशन वाया जातं, म्हणून सकाळची वेळ मागा, समोर पंखा लावायला सांगा आणि मध्ये बसू द्या. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना इतकं दमवायचं नाही. नवीन त्रास सुरू होऊन २४ तासांनंतरही तसाच असेल तर न्यूरोलॉजिस्टला फोन करा.

सगळ्यात महत्त्वाचं, सुरू करायच्या आधी मोजमाप करून घ्या. २५ फूट चालायला लागलेला वेळ, तोच वॉकर, तेच बूट, शेवटी परत मोजायचं. साधारण २० टक्के फरक पडला तर तो खरा धरतात. आणि घरचंही बघा, खुर्चीतून उठणं, बेडपासून बाथरूमपर्यंत जाणं सोपं झालं का. झालं तरी सेशन संपल्यावर चालणं बंद केलं तर ते टिकत नाही, तेव्हा नंतर घरी काय करायचं ते आत्ताच लिहून मागा. आणि यातलं काहीही करताना एमएसची औषधं चालूच ठेवायची, नसांचं मायलिन, म्हणजे ते खराब झालेलं आवरण, रोबोटने परत येत नाही.

प्रश्न : मला स्वतःला एमएस आहे, काठी लागत नाही पण लांब चाललं की उजवा पंजा खाली घासतो, अडखळते. मी पण रोबोट घेऊ का?

उत्तर : नको गं. तू स्वतःच्या पायावर पुरेशी पावलं टाकू शकतेस, तुला साधी ट्रेडमिल, पायांची ताकद वाढवायचे आणि बॅलन्सचे व्यायाम जास्त उपयोगी. पंजा घासतो त्याला फूट ड्रॉप म्हणतात, त्यासाठी फिजिओकडे एएफओ म्हणजे घोट्याचा स्प्लिंट लावून बघ, किंवा पोटरीच्या नसेला हलका करंट देऊन पंजा उचलणारं एफईएसचं यंत्र ट्रायलवर मिळतं का विचार, दोन्ही घालून थोडं लांब चालून बघ आणि मग ठरव.