आधी ऐकायला बस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल दोनदा ऐकला. म्युनिकच्या त्या चौघा व्हायोलिन-चेलो वादकांना कार्यक्रमात तुझा यमन राग हवाय, तालमीला चार दिवस आहेत आणि आपलं गाणं पातळ होईल अशी तुला धास्ती आहे. पातळ झालंच तर ते त्या चार दिवसांमुळे होईल. त्यांचं वाजवणं तू ऐकायला बसलास का? एकदा तरी, स्वतः तोंड न उघडता?

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराणा गावचे, स्थायिक झाले मिरजेत. म्हैसूर दरबारात त्यांचं जाणं-येणं होतं. तिथे नुसतं गाऊन बिदागी घेऊन ते परतले नाहीत, दक्षिणेचं कर्नाटक संगीत ऐकायला बसले. खरहरप्रिया या तिकडच्या रागातली, त्यागराजांची 'राम नी समानमेवरू' ही कृती त्यांनी रेकॉर्ड केली आहे, शोधून ऐक. सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स हा इंग्रज अधिकारी श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजू लागले, तेव्हाही खाँसाहेब त्यांच्यापुढे गळा घेऊन बसले. १९३७ साली गेले तेसुद्धा मद्रासहून पाँडिचेरीला जाताना, सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनावर. साठी उलटली तरी दक्षिणेची वाट सुटली नव्हती.

आता माझं सांगते, कधी कुणाला सांगितलं नाही. तीस वर्षांपूर्वी जर्मनीतच असा एक कार्यक्रम केला. तंबोरा जुळवत होते, तर चेलो वाजवणारी बाई जवळ आली आणि म्हणाली, या तारांत नसलेला एक सूर मला ऐकू येतोय, तो कुठून येतो? खर्जाच्या तारेतून आपोआप उठणारा स्वयंभू गंधार तिने पहिल्याच दिवशी पकडला होता! आणि मी घड्याळ बघून म्हटलं, नंतर सांगते. ते नंतर कधी आलंच नाही. संध्याकाळी पियानोचा गंधार कानावर आदळला. तो आपल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. मी बेसूर ठरेन म्हणून माझा गंधार वर ढकलला. टाळ्या पडल्या. घरी येऊन चार दिवस तंबोरा उघडला नाही.

त्यानंतर असल्या कार्यक्रमांना मी नाहीच म्हणत आले. लोक कर्मठ म्हणाले. म्हणू देत. तालमीला चार दिवस देणाऱ्याला नकार दिला याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या बाईचं.

तुझ्या चौघांत पियानो नाही, हे नशीब समज. व्हायोलिन-चेलोला पडदे नसतात, ते तुझ्या गंधारापर्यंत खाली येऊ शकतात. पण तो त्यांनी आधी ऐकला पाहिजे ना? आणि तूही ऐक. तुझा सा जागचा हलत नाही. त्यांच्याकडे पायाच सरकत राहतो, गंधार तोच असला तरी खालचा सूर बदलला की त्याचा अर्थ बदलतो. हे दोन-चार तालमींत अंगी लागत नाही रे. ऐकायला बस, बाबा.

त्यांना सांग, कार्यक्रम सहा महिन्यांनी करू. नाही म्हणाले तर सोडून दे.

हो म्हणाले तर पहिल्या दिवशी तंबोरा मध्ये ठेव आणि एकेकाला भोपळ्याला कान लावायला सांग. तुझ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी आस, बसलेली वाटली निरोपात. मिरजेहून तारांखाली घालायचा दोरा मागवलाय, या आठवड्यात पाठवते.