वाचकांचे प्रश्न : ब्रिस्टलच्या जुन्या फिती

प्रश्न : इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या ‘टॅलिझमन’ या रेगे (जमैकात जन्मलेली संगीतशैली) बँडची सुरुवातीच्या काळातील ध्वनिमुद्रणे अनेक वर्षांनी पुन्हा प्रकाशात आल्याचे वाचले. ती इतका काळ पडून का राहिली, आणि केवळ दुर्मीळ म्हणून नव्हे तर संगीत म्हणून ती ऐकण्याजोगी आहेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगीतापेक्षा व्यवहारात अधिक सापडते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये, विशेषतः कॅरिबियन कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या सेंट पॉल्स भागात, ‘ब्लॅक रूट्स’सारखे अनेक रेगे बँड उदयाला आले, परंतु मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या लंडनमध्ये होत्या आणि ब्रिस्टलमधील तरुणांना स्थानिक, अल्प भांडवलाच्या लेबलांवरच, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्यांवरच, विसंबावे लागे. अशी लेबले थोड्याच तबकड्या काढत आणि लवकर बंद पडत, त्यामुळे पुनर्मुद्रणाचा विचार करणारे मागे कोणी उरत नसे. टॅलिझमनची ‘डोल एज’ ही बारा इंची तबकडी 1981 मध्ये ‘रिक्रिएशनल’ या अशाच एका लहान लेबलने काढली होती. हा बँड आधी ‘रेव्हलेशन रॉकर्स’ या नावाने वाजवत असे, आणि त्या नावाखालील मुद्रणे तर पुढे ‘ब्रिस्टल आर्काइव्ह रेकॉर्ड्स’ने जुने संगीत शोधून काढण्याचे काम हाती घेतल्यावरच श्रोत्यांपर्यंत पोहोचली. याच लेबलने 2011 मध्ये 1978 ते 1983 या काळातील ब्रिस्टलच्या रेगेचा संग्रहही काढला.

फीत सापडली तरी ती लगेच वाजवता येईलच असे नाही. त्या काळातील अनेक चुंबकीय फितींवरील लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. तशीच वाजवली तर लेप खरवडला जाऊन मुद्रण कायमचे नष्ट होऊ शकते. म्हणून अशी फीत सुमारे 50 ते 55 अंश सेल्सियस तापमानात काही तास शेकतात आणि ती तात्पुरती सुधारलेली असतानाच तिची डिजिटल प्रत करून घेतात. मूळ फीतच हाती नसेल तर जुन्या तबकडीवरून प्रत काढावी लागते. काही पुनर्मुद्रणांत ऐकू येणारी खरखर त्यातून येते.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंकोच होकारार्थी आहे. ‘डोल एज’ या गाण्याच्या नावातील ‘डोल’ म्हणजे ब्रिटनमधील बेकारभत्ता. 1981 मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या 25 लाखांपलीकडे गेली होती आणि त्याआधीच्या वर्षी, 2 एप्रिल 1980 रोजी, सेंट पॉल्समधील एका कॅफेवर पोलिसांनी घातलेल्या छाप्यानंतर दंगल उसळली होती. त्या पार्श्वभूमीवर हे गाणे जमैकाची नक्कल न वाटता आपल्या गल्लीतले वाटते, आणि मला ते या बँडचे सर्वांत भक्कम काम वाटते. (संग्राहक मूळ तबकडीसाठी भरमसाट किंमत मोजतात, गाणे ऐकायला तिची गरज नाही.) मात्र रेगेचा भार बास गिटारवर असतो आणि मोबाइलच्या लहान स्पीकरवर नेमका तोच हरवतो, तेव्हा चांगल्या हेडफोनशिवाय या मुद्रणांविषयी मत बनवू नये.