पहिल्यांदा सोमेन करताना

थंड जपानी नूडल्सची सुरुवात तुम्ही सोबाऐवजी (बकव्हीट म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) सोमेनपासून करावी, कारण गव्हाच्या या अतिशय बारीक नूडल्स उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटांत शिजतात आणि उन्हाळ्यात शेगडीपाशी फार वेळ उभे राहावे लागत नाही. माणशी १०० ग्रॅम नूडल्सना किमान एक लिटर पाणी घ्यावे. त्यात मीठ घालू नये, कारण नूडल्सच्या पिठात ते आधीच भरपूर असते.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक शिजवण्यात नव्हे, तर धुण्यात होते. नूडल्स चाळणीत ओतून वाहत्या गार पाण्याखाली नुसत्या भिजवणे पुरेसे नाही. त्या हातांनी हलकेच चोळून धुवाव्यात, म्हणजे वरचा चिकट स्टार्च, मीठ आणि पीठ ओढून नूडल्स बनवताना लावलेले तेल निघून जाते. त्यानंतर बर्फाच्या पाण्यात क्षणभर बुडवून नीट निथळाव्यात, नाहीतर ज्यात त्या बुडवून खायच्या, तो सॉस पाणचट होतो.

सॉससाठी तयार मेन्त्सुयु (नूडल्ससाठीचा सोया सॉसयुक्त जपानी सॉस) चालेल, मात्र तो बहुधा तीव्र असतो, त्यामुळे बाटलीवरील प्रमाणानुसार थंड पाणी घालावे. त्यात सहसा माशाचा अर्क असतो. शाकाहारी असाल, तर कोम्बू (वाळवलेले समुद्री शेवाळ) आणि वाळलेले शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये पाण्यात भिजवून त्या पाण्यात सोया सॉस आणि थोडी साखर घालावी. सोबत किसलेले आले व पातीचा कांदा पुरतो. म्योगा (आल्याच्या कुळातल्या झाडाच्या कळ्या) आणि शिसो (सुगंधी जपानी पाने) मिळालेच, तर उत्तम.

एवढे जमेपर्यंत घरी दाशी (जपानी स्वयंपाकातले मूळ सूप) उकळण्याच्या आणि सोबाच्या नादी लागू नका. वाढायची वेळ झाल्यावरच नूडल्स पाण्यात सोडा.