आधी सरी मोजा, मग रोटर, मग ट्रॅक्टर

नमस्कार. तुम्ही विचारलंय, की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पूर्वेला साडेतीन एकर रान आहे, त्यात दीड एकर ऊस, बाकी भात आणि भातामागून मसूर. नवा २४ एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना ताकद मिळणारा) मिनी ट्रॅक्टर घ्यावा, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडला मिळतोय तो ३५ एचपीचा जुना? आणि सोबत कुठली अवजारं घ्यावीत? माझ्याकडं २०१६ पासून २४ चा मिनी आहे. आमचंही रान मलप्रभेच्या अंगालाच आहे, त्यामुळं माती आणि पाऊस दोन्ही तुमच्यासारखेच. सविस्तरच लिहितो.

पहिल्यांदा टेप घेऊन उसात जा आणि सरी मोजा. जुन्या पद्धतीची तीन-साडेतीन फुटांची सरी असेल तर उभ्या उसात दोन्हीपैकी एकही ट्रॅक्टर चालणार नाही. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा आलेलं पीक) निघाल्यावर नवी लावण साडेचार फुटांवर करणार असाल तरच मिनीचा विचार करा. साडेचार फुटांत सव्वातीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर गेला की दोन्ही बाजूंना सात-आठ इंच मोकळे राहतात आणि फुटवे चिरडत नाहीत. ३५ एचपीच्या ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेरून पाच फुटांच्या पुढं जातात, तो सरीत शिरणारच नाही. त्याचा उपयोग नांगरटीला, आणि साडेतीन एकराची नांगरट वर्षातून एकदा भाड्यानं करून घेतलेली परवडते. मिनी आपले पैसे भागवतो ते भांगलणीच्या आणि भरणीच्या (उसाला मातीची भर लावायच्या) मजुरीत. सरी बदलायची नसेल तर मी स्पष्ट सांगतो, कर्ज काढू नका, पॉवर टिलरवर भागवा.

आता रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर. सरीत चालवायचा असेल तर ८० ते ९० सेंटिमीटरचा, मोकळ्या रानात फार तर एक मीटर ते चार फूट. २४ एचपी ही इंजिनची ताकद, पीटीओला, म्हणजे अवजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागं असलेल्या फिरत्या दांड्याला, त्यातले १९ ते २२ पोचतात. ट्रॅक्टरबरोबर मोठा रोटर स्वस्तात देतो म्हणून कुणी गळ घातली तरी घेऊ नका. काळ्या ओल्या रानात तो इंजिन दाबतो, मग माणूस क्लचवर पाय ठेवून चालवायला लागतो आणि क्लच प्लेट जळते. मिनीत काहींना मिनिटाला ५४० फेऱ्यांशिवाय ७५० चाही पीटीओ वेग असतो. तो फवारणीसारख्या हलक्या कामाला. रोटरला ५४० च, आणि तोही खालच्या गिअरमध्ये.

रोटर बदलला की पीटीओ शाफ्टची, म्हणजे पीटीओ आणि रोटर जोडणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या दांड्याची, लांबी तपासायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं थांबून लिहितो. दुसऱ्या वर्षी मी एकाकडून वापरलेला चार फुटी रोटर घेतला आणि त्याचा शाफ्ट तसाच जोडला. बांधावर रोटर उचलला की ‘टक्‌’ असा आवाज यायचा. मी दुर्लक्ष केलं. आठ दिवसांत पीटीओच्या सीलमधून तेल यायला लागलं. खोललं तर बेअरिंग गेलेलं, आणि रोटरच्या गिअरबॉक्सला बारीक तडा. जूनचा पहिला आठवडा होता, धूळवाफेच्या पेरणीचे दिवस, आणि ट्रॅक्टर बारा दिवस शेडमध्ये उभा. त्या वर्षीचा पेरा उशिरा झाला तो झालाच.

कारण साधं. रोटर वर येताना शाफ्ट सरळ रेषेत आला की दोन टोकांमधलं अंतर सगळ्यात कमी होतं. नळ्या लांब असतील तर एकमेकींच्या तळाला टेकतात आणि सगळा दाब बेअरिंगवर जातो. म्हणून इंजिन बंद करून, शाफ्टचे दोन तुकडे वेगवेगळे जोडून, लिफ्ट खालीवर करून सगळ्यात जवळची जागा शोधा. त्या जागी नळीला दोन्ही टोकांशी किमान इंचभर मोकळीक हवी. आणि सगळ्यात लांब जागी नळी नळीत किमान एक तृतीयांश तरी आत असली पाहिजे, नाहीतर फिरताना निसटून अंगावर येईल. कापायचा झाल्यास आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लास्टिकचं कव्हर सगळं सारख्याच मापानं कापा, कडा कानशीनं घासा, ग्रीस लावून मगच जोडा. जोडताना मधल्या दोन्ही कानांची (नळ्यांच्या टोकाला क्रॉस, म्हणजे सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा, धरणाऱ्या दुबेळक्यांची) दिशा एक असू द्या. एक कान आडवा, एक उभा बसला तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर झिजतो. क्रॉसला रोज सकाळी ग्रीस. आणि कव्हर काढून ठेवू नका. घरची बायकामाणसं शेजारी भांगलत असतात, पदर किंवा टॉवेल ओढला जायला क्षणही लागत नाही.

तुमच्याकडं भात आहे म्हणून चिखलणीचं वेगळं सांगतो. संध्याकाळी रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेला पेंढा, वेल, सुतळी विळ्यानं कापून काढल्याशिवाय घरी येऊ नका. तेच आत सरकून सील फाडतं, मग पाणी आत जातं. फोर व्हीलच्या पुढच्या ॲक्सलचं तेल हंगामात दोनदा बघा. दुधाळ दिसलं की पाणी गेलंय, त्याच दिवशी काढून नवीन घाला. पुढचे गिअर झिजले तर खर्च फार मोठा असतो. फोर व्हीलचा दांडा डांबरी रस्त्यावर सोडूनच चालवा, नाहीतर पुढचे टायर खरवडतात. टायर बदलताना मापही तेच घ्या, पुढच्या-मागच्या चाकांचं गणित कंपनीनं जुळवलेलं असतं.

मे महिन्यात उलटी अडचण, ती धुळीची. एअर फिल्टर तेलाचा असेल तर वाटी रोज उघडून बघा. कागदी असेल तर दगडावर आपटू नका, कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो, मसूर मळणीच्या दिवसांत तर दोन-दोनदा. इंजिन ऑइल पहिल्यांदा ५० तासांना, पुढं पुस्तकात असेल त्याप्रमाणं, बहुतेकांचं २५० तास असतं. तास मीटरवरचे धरा, महिन्यांवर जाऊ नका.

बाकी अवजारांत सरी सोडायचं रेजर आणि पाच फणांचा कल्टिव्हेटर एवढं बस. फवारणी यंत्र नंतर बघता येईल. उसाची ट्रॉली मिनीला जोडू नका. उतारावर मागचा लोड त्याला ढकलतो, ब्रेक पुरत नाहीत. रोटरवर अनुदान मिळू शकतं, पण विकत घेण्याआधी तुमच्या होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, चौकशी करा. उताऱ्यावर नाव आणि फ्रूट्स आयडी, म्हणजे कर्नाटक सरकारचा शेतकरी नोंदणी क्रमांक, लागतो. अर्ज कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घेऊन मगच सही करा.

तरी चंदगडचा जुना बघायला जाणारच असाल तर कागद आधी बघा. एमएच ०९ (कोल्हापूर) चा ट्रॅक्टर केए २२ (बेळगाव) ला आणायचा तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ सुद्धा. हे हातात येईपर्यंत विसार सोडून जास्त रक्कम देऊ नका. चॅसिस नंबर स्वतः घासून वाचा. आणि मालकाला आधीच फोन करून सांगा की ट्रॅक्टर चालू करून ठेवू नका, आम्ही आल्यावर थंड इंजिन चालू करू. गरम इंजिनात चालू होण्याचा दोष लपतो, म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत जा.