वाचक विचारतात : वाल्डनरचं एवढं काय?

प्रश्न : टेबल टेनिसच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी स्वीडनच्या यान-ओवे वाल्डनरचं नाव काढतंच. मी रेकॉर्ड बघितलं तर ऑलिम्पिक सिंगल्सचं गोल्ड एकच, वर्ल्ड सिंगल्स दोन. चीनच्या मा लाँगकडे ऑलिम्पिकची दोन आणि वर्ल्डची तीन आहेत. मग हा सगळा जुन्या लोकांचा नॉस्टॅल्जिया नाही का?

उत्तर : थोडा आहे, मान्य, मी पण त्याच जुन्या लोकांतला. पण नुसती मेडलं मोजत बसलात तर या माणसाची गंमत हातातून निसटेल. तारखा बघा ना. १९८२ ला बुडापेस्टला युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल खेळला तेव्हा पठ्ठ्या १६ वर्षांचा, हरला तो आपल्याच टीममधल्या मिकाएल आपेलग्रेनकडून. आणि २००४ ला अथेन्सला ऑलिम्पिकची सेमीफायनल खेळला तेव्हा ३८ चा. म्हणजे मधे २२ वर्षं, आणि या २२ वर्षांत चीनने काय केलं तर एक पिढी आणली, ती म्हातारी झाली, दुसरी आणली, तिसरी आणली, आणि प्रत्येक पिढीसमोर टेबलाच्या पलीकडे हाच उभा! १९८७ ला नवी दिल्लीत वर्ल्ड फायनलला जियांग जियालियांगने त्याला हरवलं. २००० ला सिडनीत ऑलिम्पिक फायनलला समोर काँग लिंगहुई, वयाने १० वर्षं लहान, तिथे वाल्डनर दोन गेम मागे पडला, मग बरोबरी केली आणि पाचव्या गेमला हरला. चार वर्षांनी अथेन्सला मा लिन, जो वाल्डनर १४ वर्षांचा असताना जन्माला आला, त्याला मात्र याने घरी पाठवलं. चिनी लोक त्याला प्रेमाने 'लाओ वा' म्हणतात, म्हणजे 'म्हातारा वा' (वाल्डनरमधला वा) टाइप काहीतरी, आणि त्यांच्याकडे तो इतका फेमस आहे की शत्रूपक्षाचा हिरो म्हणावं तसं.

बाकी १९८९ डॉर्टमुंडला वर्ल्ड सिंगल्स जिंकला (फायनलला योर्गन पेर्सन, तो पण स्वीडनचाच), १९९० ला वर्ल्ड कप, १९९२ बार्सिलोनाला फ्रान्सच्या गातियाँला ३-० ने हरवून ऑलिम्पिक गोल्ड. हे तिन्ही सिंगल्समधे जिंकणारा तो पहिला पुरुष खेळाडू. आणि बार्सिलोनात स्वीडनला अख्ख्या ऑलिम्पिकमधे मिळालेलं गोल्ड तेवढंच एक.

माझं फेव्हरेट मात्र १९९७ मँचेस्टर. वय ३१, लोक म्हणत होते आता संपला, आणि गड्याने अख्ख्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सिंगल्समधे एक पण गेम सोडला नाही, फायनलला बेलारूसच्या साम्सोनोव्हला पण ३-०. आता सांगा, याला नुसतं "दुसरं वर्ल्ड टायटल" म्हणून आकड्यात टाकून पुढे जायचं का?

प्रश्न : त्याच्या सर्व्हिसबद्दल खूप ऐकलंय. नेमकं काय होतं त्यात? आणि तेव्हा सर्व्हिस लपवून करता यायची म्हणून चालली असं पण काही जण म्हणतात, खरं का?

उत्तर : सर्व्हिस करताना तो बॅटची मूठ जवळजवळ सोडून द्यायचा, फक्त अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची बोटं मोकळी. त्याने मनगट जास्त फिरतं. पण हे आज क्लबात येणारा पोरगा पण करतो. खरी गोम ही की हात एकाच पद्धतीने यायचा आणि बॉल कधी खालून कापलेला, कधी साइडला पळणारा, कधी काहीच स्पिन नसलेला. समोरच्याला वाटतं स्पिन आहे म्हणून तो बॅट तशी धरतो आणि बॉल उंच उडतो, की मग वाल्डनर मारायला तयार. काहीच स्पिन नसलेला बॉल हा सगळ्यात खोटारडा बॉल, असं माझं मत आहे.

लपवण्याचं म्हणाल तर हो, तेव्हा हाताच्या आणि अंगाच्या आड बॉल मारला तरी चालायचं, २००२ पासून ते बंद झालं. पण ती सूट सगळ्यांनाच होती ना! शिवाय २००० ला बॉल ३८ वरून ४० मिमी झाला, म्हणजे स्पिन कमी, मग २००१ ला गेम २१ वरून ११ पॉइंटचा झाला. हे सगळे बदल पचवून अथेन्सला मा लिन आणि नंतर जर्मनीचा टिमो बॉल दोघांना हरवलं, पुढे सेमीला कोरियाच्या र्यू सुंग-मिनकडून हरला आणि ब्राँझच्या मॅचला वांग लिचिनकडून, चौथा आला. नुसत्या लपवालपवीवर चाललं असतं तर २००२ ला दुकान बंद व्हायला पाहिजे होतं.

प्रश्न : स्वीडनसारख्या छोट्या देशात हे लोक आले कुठून?

उत्तर : एकदम आकाशातून नाही पडले. स्टेलान बेंग्टसन १९७१ ला १८ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला होता, १९७३ ला स्वीडनला वर्ल्डचं टीम गोल्ड, म्हणजे पोरांसमोर आधीच कुणीतरी होतं. आणि वाल्डनर १९८० च्या सुमाराला, अगदी पोरगेला असताना, चीनला ट्रेनिंगला गेला होता, त्यांचा खेळ त्यांच्याच हॉलमधे बसून बघितला. १९८९ ला वर्ल्डच्या टीम फायनलमधे स्वीडनने चीनला ५-० धुतलं! चीनला नंतर सगळंच नव्याने बांधावं लागलं, आणि २००० ला क्वालालंपूरला चिनी परत स्वीडनकडून ३-२ ने हरले, तेव्हा पण स्वीडनच्या टीममधे वाल्डनर आणि पेर्सन, दोघं तिशीच्या पलीकडचे.

प्रश्न : अजून खेळतो का?

उत्तर : नाही. २०१६ ला थांबला, वय ५०.

प्रश्न : एकच मॅच बघायची तर कुठली?

उत्तर : अथेन्स, टिमो बॉलविरुद्धची. टिमो डावखुरा, तेव्हा जगातल्या टॉपच्या खेळाडूंत, तब्येतीने ताजा, आणि समोर हे काका. पहिल्यांदा बघाल तेव्हा पॉइंट बघा, दुसऱ्यांदा लावाल तेव्हा पॉइंट सोडा आणि फक्त वाल्डनरचे पाय बघा, किती कमी हलतात ते, कारण बॉल कुठे येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं.